पिएरोगी: व्रोत्स्वाफच्या स्वयंपाकघरातून, पिठापासून ताटापर्यंत

पिएरोगी, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून पाण्यात उकडलेल्या पोलिश करंज्या, करायच्या तर निम्मा दिवस मोकळा ठेवा आणि घरात जितके हात असतील तितके टेबलाशी बसवा. एकजण लाटेल, एकजण पाऱ्या कापेल, दोघं भरत राहतील आणि एकजण गॅसपाशी उभं राहील. पोलंडमध्ये हे असंच चालतं. म्हणून इथे कुणालाही पिएरोगीची कृती विचारली की आधी माणसं सांगितली जातात आणि मग मापं: आजी कडा कशा दुमडायची, कोणत्या मावशीच्या पिएरोगी नेहमी पाण्यात फुटायच्या, आजोबा भरायच्या आधीच सारण चमच्याने कसे संपवायचे.

मी लग्न होऊन व्रोत्स्वाफला आले आणि हे सगळं सासूबाईंकडून शिकले. त्यांची आई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, मूळच्या ल्वुफजवळच्या. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पोलंडचा नकाशाच पश्चिमेकडे सरकला. ल्वुफ सोव्हिएत संघात गेलं (आजचं युक्रेनमधलं ल्विव), तर जर्मनीचं ब्रेस्लाउ पोलंडला मिळून व्रोत्स्वाफ झालं. पूर्वेकडची लाखो पोलिश माणसं गाड्यांत बसवून इकडे आणली गेली. ल्वुफच्या ओसोलिनेउम ग्रंथालयातली पुस्तकं आली, रात्सवावित्सेच्या लढाईचं 114 मीटर लांबीचं चित्र आलं, आणि घराघरांतून बटाटा, त्वारुग आणि कांद्याचं सारण आलं. त्वारुग म्हणजे दह्यापासून केलेलं ताजं, आंबूस, रवाळ चीज. हे सारण भरलेल्या पिएरोगी आज पोलंडभर 'रुस्किए' नावाने मिळतात. नावाचा संबंध जुन्या रुथेनिया प्रांताशी आहे, रशियाशी नाही. तरीही 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर बऱ्याच उपाहारगृहांनी पाटीवर 'युक्रेनी पिएरोगी' असं लिहायला घेतलं.

महाराष्ट्राचाही या गोष्टीशी एक खरा धागा आहे. याच पूर्वेकडच्या पट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं सोव्हिएत सत्तेने 1940 पासून सैबेरिया-कझाकस्तानात धाडली. 1941 मध्ये सुटकेचा करार झाल्यावर त्यातली काही माणसं इराणमार्गे भारतात पोचली आणि जवळपास 5,000 जण, त्यात बहुतेक बायका नि मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिली. मी महाराष्ट्रातली आहे हे कळल्यावर सासूबाईंच्या तोंडून बाहेर पडलेलं पहिलं गाव मुंबई नव्हतं, पुणेही नव्हतं. त्या म्हणाल्या, "वळिवडे!"

आता कामाला लागू. खाली आधी रुस्किएची कृती सविस्तर दिली आहे, कारण हात बसायला तीच उत्तम. ती जमली की बाकीची सारणं सोपी जातात.

पीठ

साधारण 50 पिएरोगींसाठी मैदा 500 ग्रॅम, गरम पाणी 250 ते 270 मिलिलिटर, तेल 2 मोठे चमचे (किंवा वितळलेलं लोणी 30 ग्रॅम) आणि मीठ अर्धा छोटा चमचा.

आजेसासूबाईंच्या वहीत मैद्यासमोर फक्त 'मावेल तेवढा' असं लिहिलेलं आहे आणि पाण्याचा तर उल्लेखच नाही. त्यामुळे वरची मापं मी सासूबाईंच्या परातीखाली वजनकाटा ठेवून घेतली. त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं, पण आता नात विचारते तेव्हा त्याच माझा कागद पुढे करतात.

पाणी गरमच हवं. उकळी आल्यावर गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा आणि मग वापरा. गरम पाण्याने मैद्यातला स्टार्च थोडासा शिजतो आणि पाणी धरून ठेवतो, शिवाय ग्लुटेनची ओढ कमी होते. म्हणून लाटलेली पारी परत आक्रसत नाही आणि उकडल्यावर चिवट लागत नाही. गार पाण्यात भिजवलेलं पीठ लाटताना सारखं मागे येतं. मग आपण पिठी लावत राहतो, पिठीने कडा कोरड्या होतात आणि कोरड्या कडा चिकटत नाहीत. भांड्यात फुटलेल्या पिएरोगींचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

परातीत मैदा आणि मीठ घ्या, मध्ये खळगा करा, पाण्याची धार सोडत लाकडी चमच्याने ढवळा. आधी 250 मिलिलिटरच घाला. प्रत्येक मैदा वेगळं पाणी पितो, तेव्हा उरलेलं पाणी हाताशी ठेवा. हात सोसेल इतपत निवलं की तेल घालून सात-आठ मिनिटं मळा. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ झाला पाहिजे आणि परातीला चिकटता कामा नये. मग एक वाडगा गरम पाण्याने विसळून पुसा, तो पिठावर पालथा घाला आणि अर्धा तास विसरून जा. ही अर्ध्या तासाची विश्रांती कुणीही वगळू नये. "पीठ दमलंय, त्याला हात लावू नकोस," असं म्हणून सासूबाई परात माझ्यापासून लांब सरकवतात.

अंडं घालायचं की नाही यावर पोलिश घरांत भांडणं होतात. अंड्याने पारी घट्ट होते, हाताळायला सोपी जाते, पण खाताना जड लागते. आमच्याकडे घालत नाहीत आणि मलाही बिनअंड्याचंच पीठ पटलं आहे.

त्वारुग

भारतात करणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण इथे येते. पनीर घालून बघावंसं वाटतं, पण पनीर गोडसर आणि रबरी असतं. चक्का आंबट असतो खरा, पण फार ओला नि गुळगुळीत, त्याने सारण सैल पडतं. त्यापेक्षा त्वारुग घरीच करावं. करायला अगदी सोपं आहे आणि पोलंडच्या खेड्यांतून ते असंच होत आलं आहे.

2 लिटर म्हशीच्या किंवा गाईच्या दुधाचं नेहमीसारखं दही लावा, जरा आंबट होऊ द्या. ते दही न घुसळता जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर ठेवा. उकळी येऊ द्यायची नाही, बोट बुडवलं तर चटका बसू नये इतकंच गरम. वीस-पंचवीस मिनिटांत दह्याच्या वड्या पिवळसर-हिरव्या पाण्यापासून सुट्या होऊ लागतात. गॅस बंद करून तसंच निवू द्या, मग फडक्यात ओतून दोन-तीन तास टांगा. शेवटी वर थोडं वजन ठेवा. घाईने मोठ्या आचेवर तापवलंत तर वड्या आवळतात आणि वाळूसारख्या कोरड्या होतात. नीट झालेलं त्वारुग बोटांत दाबलं की चुरा होतो, पाणी सुटत नाही. आपल्याला 300 ग्रॅम लागेल. उरलेलं साखर घालून खा. निवळीचं पाणी टाकू नका, कणीक भिजवायला छान.

सारण

बटाटे 500 ग्रॅम, त्वारुग 300 ग्रॅम, मोठे कांदे 3, लोणी 60 ग्रॅम, मीठ आणि भरपूर ताजी कुटलेली मिरी.

बटाटा पिठूळ हवा. नव्या पिकाचा चिकट बटाटा या कामाचा नाही. सालासकट उकडा, गरम असतानाच सोला आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्या. मग किसणीवर किसा किंवा हाताने कुस्करा. मिक्सर मात्र लावू नका, त्याने बटाट्याची खळ होते. पूर्ण गार झाल्यावरच त्वारुग मिसळा.

कांद्याला वेळ द्या. बारीक चिरून लोण्यात मंद आचेवर वीस मिनिटं तरी परता, सोनेरी आणि गोड होईपर्यंत. त्यातला निम्मा सारणात जातो आणि निम्मा वाढताना वरून घालायला उरतो. लोणीही निम्मं-निम्मं. कांदा काळा पडला तर तो सारणात घालू नका, सगळं कडू होतं.

आता मिरी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की इथलं जेवण अळणी, थोडी टाकतील. सासूबाईंनी मूठभर दाणे खलबत्त्यात घेतले. रुस्किए म्हणजे मिरीचा ठसका आलाच पाहिजे, नाहीतर ती नुसती बटाट्याची भाजी, असं त्यांचं ठाम मत आहे. या प्रमाणाला एक छोटा चमचा भरून जाडसर मिरी लागते. मीठ घातल्यावर त्या सारण तळहातावर घेऊन चाखतात, डोळे मिटतात, आणि नेहमी अजून चिमूटभर घालतात. नुसतं खाताना सारण किंचित जास्त खारट आणि तिखट लागलं पाहिजे, कारण बाहेरची पारी अळणी असते आणि उकळतं पाणीही चव ओढून घेतं.

ल्युब्लिनच्या बाजूला त्वारुगच्या सारणात पुदिना घालतात. मराठी जिभेला तो लगेच आवडेल. हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालायचा मोह मात्र पहिल्या खेपेला आवरा. आधी मूळ चव कळू दे.

सारणाच्या सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या वळून ताटात मांडून ठेवा. हे काम मुलांना द्यावं. गोळ्या तयार असल्या की भरताना हात थांबत नाही, आणि तेवढ्या वेळात पाऱ्या सुकत नाहीत.

लाटणं आणि भरणं

पोलिश घरात 'स्तोल्नित्सा' नावाचा मोठा लाकडी पाट असतो. त्याच्या पुढच्या बाजूला खाली एक पट्टी असते, ती टेबलाच्या कडेला अडकते आणि पाट सरकत नाही. तुमच्याकडे स्वच्छ ओटा असला तरी पुरे. पिठाचे चार भाग करा, तीन वाडग्याखाली झाकून ठेवा. एक भाग पातळ लाटा, साधारण 2 मिलिमीटर. पिठी चिमटीने, तीही खालच्याच बाजूला. मग काचेचा पेला उलटा धरून 7 ते 8 सेंटिमीटरच्या चकत्या कापा. कातरण गोळा करून झाकून ठेवा, थोड्या विश्रांतीनंतर ते परत लाटता येतं.

चकती डाव्या तळहातावर घ्या. वरची, म्हणजे पिठी न लागलेली बाजू आत आली पाहिजे. मधोमध सारणाची गोळी ठेवा आणि चकती दुमडा. आधी वरचं टोक चिमटीत पकडा, मग डावीकडून उजवीकडे दाबत या. सासूबाईंची बोटं इथे एक गोष्ट करतात, जी वहीत कुठेच नाही: कडा मिटवण्याआधी त्या अंगठ्याने सारणाच्या घुमटावरून हलकेच खाली दाब देतात, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा राहिली तर पाण्यात ती फुगते आणि शिवण उसवते. ही अंगठ्याची हालचाल इतकी पटकन होते की ती दिसायला मला बराच काळ लागला. विचारलं तर त्यांनाही आपण असं करतो हे माहीत नव्हतं. मग त्यांनी नणंदेचे हात बघितले, तीही तेच करत होती.

कड दोनदा दाबा, एकदा जोडायला आणि एकदा पातळ करायला, नाहीतर कड जाड राहून कच्ची लागते. इथपर्यंत आलात की पिएरोगी तयार. वरून झालर घालायची की नाही ही ज्याच्या त्याच्या घरची रीत. ज्यांना करंजीची मुरड घालता येते त्यांनी बेलाशक तीच घालावी. सासूबाईंनी माझी मुरड पाहिली तेव्हा पाच-सहा पिएरोगी बाजूला काढून शेजारणीला दाखवायला नेल्या होत्या.

आमच्या टेबलावर कुणी कोणती पिएरोगी केली हे उकडल्यावरही ओळखू येतं. नवऱ्याच्या पोट फुगलेल्या, नणंदेच्या लांबट, पुतण्याच्या चौकोनाकडे झुकणाऱ्या. आजेसासूबाईंच्या टोकाला किंचित वर वळलेल्या असत म्हणे, आणि घरात तशा आता फक्त धाकट्या मावससासूबाईच करतात. तुमच्या घरीही भरणारे बदलू नका, सगळ्यांना आपापल्या पद्धतीने दुमडू द्या. शिवण पक्की असली की झालं.

भरलेल्या पिएरोगी पिठी भुरभुरवलेल्या फडक्यावर एकमेकींना न चिकटवता ठेवा आणि वरून दुसरं कोरडं फडकं घाला.

उकडणं

रुंद पातेल्यात भरपूर पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. खळखळून उकळी फुटली की दहा-बाराच पिएरोगी सोडा आणि लगेच लाकडी उलथण्याच्या मागच्या बाजूने तळापासून एकदा हलवा, म्हणजे बुडाला चिकटणार नाहीत. आच मध्यम करा. जोरात उकळत ठेवल्या तर एकमेकींवर आपटतात. वर तरंगायला लागल्या की तिथून दोन ते तीन मिनिटं. एक काढून कड चावून बघा. कड शिजली असेल तर बाकीच्याही झाल्या.

झाऱ्याने काढा. चाळणीत एकदम ओतल्या तर फाटतात. ताटाला आधी वितळलेलं लोणी पुसून ठेवा आणि एका थरात मांडा. वरून राखून ठेवलेला कांदा. बाहेर खायला गेलात तर लक्षात ठेवा, रुस्किएवर पुष्कळदा तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे, 'स्क्वार्की', घालतात. शाकाहारी मंडळींनी मागवतानाच "बेस स्क्वार्कुफ" म्हणावं, म्हणजे ते न घालता आणतात. सोबत श्मेताना, म्हणजे आंबट साय. उन्हाळ्यात त्याऐवजी पेलाभर गार ताक घेतात, आणि मला तीच जोडी जास्त आवडते.

नाताळच्या आदल्या रात्रीची पिएरोगी

24 डिसेंबरच्या संध्याकाळी, 'विगिलिया'ला, आकाशात पहिला तारा दिसला की जेवण सुरू होतं. टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत ठेवतात, ओपवातेक नावाची पातळ पापडी एकमेकांच्या हातातली मोडून शुभेच्छा देतात, आणि 12 पदार्थ मांडतात. त्यात मांस नसतं, मासे असतात. या रात्री रुस्किए नाही, तर आंबवलेल्या कोबीची नि रानातल्या सुक्या अळंब्यांची पिएरोगी. त्याच अळंब्या भरून केलेल्या चिमुकल्या 'उश्का' बार्श्चमध्ये, म्हणजे बीटच्या लालभडक सूपमध्ये सोडतात.

सारणासाठी आंबवलेला कोबी 500 ग्रॅम, सुक्या बोरोविक अळंब्या 40 ग्रॅम, कांदा 1, तेल, तमालपत्र आणि मिरी. अळंब्या रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात अर्धा तास शिजवा. पाणी गाळून ठेवा, सगळा सुगंध त्यात उतरलेला असतो आणि ते बार्श्चमध्ये जातं. कोबी फार आंबट असेल तर एकदा धुवा, तमालपत्र घालून पाऊण तास शिजवा, निथळून घट्ट पिळा. मग कोबी आणि अळंब्या अगदी बारीक चिरा, परतलेल्या कांद्यात घाला आणि पाण्याचा अंश उरणार नाही इतकं परता. इथे घाई केली तर ओल्या सारणाने पारी फाटलीच म्हणून समजा.

कोबी घरी आंबवायचा तर किलोभर चिरलेल्या कोबीला 20 ग्रॅम मीठ चोळा, पाणी सुटलं की बरणीत दाबून भरा, कोबी सतत पाण्याखाली राहील असं वजन ठेवा. आपल्याकडच्या हवेत आठवड्याभरात तयार होतो. रोज झाकण सैल करून गॅस सोडा. बोरोविक मिळत नसतील तर साधी बटण अळंबी पूर्ण कोरडी होईस्तोवर परतून घाला. रानाचा वास येणार नाही, पण सारण चांगलंच लागतं.

सासरी अळंब्या विकत आणत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळे टोपल्या घेऊन जंगलात जातात, येऊन चिरतात, दोऱ्यात ओवून चुलीपाशी वाळवतात. लहानपणापासून कुणाबरोबर तरी जाऊन शिकलेल्यांनीच त्या वेचाव्यात. विषारी जातींची गफलत जिवावर बेतते.

विगिलियाच्या टेबलावर एक ताट रिकामं ठेवायची प्रथा सगळ्या पोलंडमध्ये आहे, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. सासूबाईंच्या माहेरी ते ताट आजेसासूबाईंच्या भावाचं होतं. फेब्रुवारी 1940 मध्ये त्याला घरच्यांसमोरून नेलं आणि पुढे काहीच कळलं नाही. आजेसासूबाई त्या ताटात तीन पिएरोगी वाढत, जेवणं झाली की त्या पोरांना वाटत. सासूबाई आजही वाढतात. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही, पण तीन कमी पडू नयेत म्हणून मोजून जास्त करतो.

बाकीची सारणं, थोडक्यात

जुलैमध्ये यागोदी, म्हणजे जंगलातली छोटी निळी-काळी, ब्लूबेरीसारखी बोरं भरतात. सारणात साखर घालू नका, रस सुटतो. बोरांना चमचाभर बटाट्याचा स्टार्च चोळून भरा, उकडल्यावर वरून साखर आणि साय. मांसाची पिएरोगी सूपसाठी उकडलेल्या मांसातून करतात. 1981 पासून मांस रेशनकार्डावर मिळू लागलं, त्या काळात सूप पिऊन झाल्यावर उरलेलं मांस कांदा नि भिजवलेल्या पावाबरोबर दळून सगळ्यांना पुरवत, असं सासूबाई सांगतात.

साठवण आणि दुसरा दिवस

जास्तीच्या पिएरोगी मिनिटभरच उकडा, तेलाचा हात लावून ताटात सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा. दोन-तीन महिने टिकतात. खायच्या वेळी वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाका.

पूर्ण उकडलेल्या उरल्या असतील तर झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी जाड बुडाच्या तव्यावर लोणी सोडून मंद आचेवर परता. पहिली बाजू नीट कुरकुरीत होईपर्यंत हलवू नका, लवकर उलटली तर पारी तव्याला चिकटून सोलवटते. रुस्किए आणि कोबीच्या अशा छान होतात, बोरांच्या मात्र तव्यावर घेऊ नका, त्या फुटून रस जळतो. आमच्या घरी निम्मी मंडळी या दुसऱ्या दिवसाच्याच पिएरोगींची वाट बघत असतात, तेव्हा मैदा भिजवतानाच दीडपट घ्या.